घरचा आहेर, लंडन १९४०

सत्तेवरचा नेता विरोधकांच्या टीकेने क्वचितच जातो. टीका करणं हे विरोधकांचं कामच असल्यामुळे ती ऐकतानाच निम्मी वजा केली जाते. त्याच्याच चिन्हावर निवडून आलेला, त्याच्याच मागच्या बाकावर बसणारा माणूस उठून ‘आता पायउतार व्हा’ म्हणतो, तेव्हा मात्र खुर्ची खरोखर डगमगते. तरीही असे बहुतेक घरचे आहेर वायाच जातात. नेता राहतो आणि सांगणारा बाहेर फेकला जातो. मग एखादाच कशामुळे लागू पडतो, हे पाहायचं तर ब्रिटिश पार्लमेंटमधले ७ आणि ८ मे १९४० हे दोन दिवस बारकाईने पाहावेत. त्या दोन दिवसांची आठवण एका भाषणासाठी काढली जाते. ते भाषण थोर होतंच. पण पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन गेले ते, माझ्या मते, एका संसदीय सवलतीमुळे. तिथे सदस्याला स्वतःच्या सरकारविरुद्ध मत देता येत होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसताही येत होतं.

ही सवलत फुकटची मात्र नव्हती. सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरशी म्युनिकचा करार करून चेंबरलेन परतले, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. त्यांच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातल्या तीसेक खासदारांना तो करार मान्य नव्हता, पण पार्लमेंटमध्ये मतदान आलं तेव्हा ते तटस्थ राहिले. याच पक्षाच्या डचेस ऑफ अ‍ॅथॉल यांनी चेंबरलेन यांच्या धोरणाला उघड विरोध केला, तर स्थानिक शाखेने पुढच्या निवडणुकीसाठी दुसरा उमेदवार शोधला. त्यांनी राजीनामा देऊन डिसेंबरमध्ये अपक्ष म्हणून पोटनिवडणूक लढवली आणि त्या हरल्या. खुद्द चर्चिल यांनाही आपल्या एपिंग मतदारसंघात नाराज कार्यकर्त्यांना तोंड द्यावं लागलं. वर मुख्य प्रतोद डेव्हिड मार्गेसन यांचा धाक. म्हणजे बंडखोराला किंमत मोजावी लागत होती, फक्त ती वसूल करणारे त्याचे कार्यकर्ते आणि मतदार होते. वेगळं मत दिलं म्हणून खासदारकीच रद्द करणारा कायदा तिथे नव्हता. हा फरक लहान वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

४ एप्रिल १९४० रोजी चेंबरलेन पक्षाच्या मेळाव्यात म्हणाले की हिटलरची बस चुकली. पाचव्या दिवशी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला, आणि मे उजाडतो न उजाडतो तोच नामसोस आणि आंडल्सनेस इथे उतरवलेल्या ब्रिटिश फौजा माघारी आणाव्या लागल्या. ७ मे रोजी या नामुष्कीवर चर्चा सुरू झाली. नौदलाचे वयोवृद्ध अ‍ॅडमिरल सर रॉजर कीज हे सत्ताधारी पक्षाचेच खासदार; ते पूर्ण गणवेशात, छातीवर पदकं लावून सभागृहात आले आणि ट्रॉनहाइमवर चढाई करण्याची संधी कशी दवडली गेली ते त्यांनी सांगितलं. त्यानंतर रात्री आठच्या सुमारास त्याच पक्षाचे लिओ अ‍ॅमरी उभे राहिले. वेळ जेवणाची, बाकं बरीचशी रिकामी. लिबरल खासदार क्लेमंट डेव्हिस यांनी अ‍ॅमरींना बोलत राहायला सांगितलं आणि ते स्वतः माणसं गोळा करायला बाहेर पडले. भाषण पुढे सरकत गेलं तसतशी बाकं भरत गेली. क्रॉमवेलने १६५३ मध्ये लाँग पार्लमेंटला हाकलताना काढलेले उद्गार अ‍ॅमरींनी जवळ ठेवले होते, पण ते फार कडक होतील म्हणून वापरायचे की नाही हे ठरवलं नव्हतं. सभागृह आपल्या बाजूने झुकतंय असं जाणवल्यावर ते त्यांनी उच्चारले. आशय असा: तुम्ही इथे फार काळ बसलात, तुमच्या हातून आता काही भलं व्हायचं नाही, देवाचं नाव घ्या आणि निघा.

हे शब्द लागले, कारण ते कोण बोलतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. अ‍ॅमरी १९११ पासून बर्मिंगहॅमचे खासदार, आणि बर्मिंगहॅम म्हणजे चेंबरलेन घराण्याचं शहर. नेव्हिल यांचे वडील जोसेफ चेंबरलेन यांना अ‍ॅमरी गुरुस्थानी मानत. नौदल आणि वसाहती ही खाती त्यांनी पूर्वी सांभाळली होती. साम्राज्याचा इतका कट्टर अभिमानी की त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवायला कुणाला जागाच नव्हती. सरकारचे सवयीचे टीकाकार हेच बोलले असते तर चेंबरलेन यांनी खांदे उडवले असते.

दुसऱ्या दिवशी लेबर पक्षाच्या हर्बर्ट मॉरिसन यांनी मतदानाची मागणी करणार असल्याचं जाहीर केलं. ठराव नावापुरता सभागृह तहकूब करण्याचा, पण तो सरकारवरचा अविश्वास आहे हे उघड होतं. चेंबरलेन यांनी उठून आव्हान स्वीकारलं आणि म्हणाले की या सभागृहात माझे मित्र आहेत. राष्ट्र संकटात असताना मैत्रीची हाक द्यावी हे अनेकांना रुचलं नाही. माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ते शब्द अचूक पकडले: प्रश्न पंतप्रधानांच्या मित्रांचा नाही, त्यांनी देशाकडे त्याग मागितला आहे, तर स्वतःचं पद सोडून त्यांनी तो करून दाखवावा. रात्री मतं मोजली. सरकारच्या बाजूने २८१, विरुद्ध २००. दोनशेच्या वरचं बहुमत ८१ वर आलं. सरकारी बाकांवरच्या सुमारे ४० जणांनी विरुद्ध मत दिलं आणि त्याहून अधिक जण गैरहजर किंवा तटस्थ राहिले. विरुद्ध मत देणाऱ्यांत लष्करी गणवेशातले तरुण खासदारही होते. त्यात पंचविशीचा जॉन प्रोफ्युमो होता. भाषणाने वातावरण तापवलं, पण मोजदाद मतदानाच्या लॉबीत झाली.

इथे पहिला आक्षेप येतो तो असा की चेंबरलेन यांनी मतदान जिंकलं होतं. त्यांना घालवलं ते लेबर पक्षाने. १० मे रोजी जर्मनीने हॉलंड, बेल्जियमवर चाल केली तेव्हा आता हटणं बरं नव्हे असं त्यांना क्षणभर वाटलंच होतं. बोर्नमथला जमलेल्या लेबर नेत्यांनी त्यांच्या हाताखाली काम करायला साफ नकार कळवला, आणि त्या संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाले. हे सगळं खरं आहे. पण लेबरचा हा नकार नवा नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हाही त्यांनी चेंबरलेन यांच्या सरकारात यायचं नाकारलं होतं, आणि त्यानंतर आठ महिने ते निवांत राज्य करत होते. सप्टेंबरात नव्हतं आणि मेमध्ये होतं ते एकच, स्वपक्षीयांनी विरुद्ध टाकलेलं मत. ते नसतं तर बोर्नमथच्या उत्तराची वाट पाहायची वेळच आली नसती.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो हलका नाही. नॉर्वेच्या मोहिमेत नौदलाचा वाटा मोठा, आणि नौदलमंत्री होते चर्चिल. चुकले अनेक, शिक्षा एकाला, आणि बक्षीस भागीदाराला! पण बंडखोरांचा रोख एका मोहिमेवर नव्हता; युद्ध ज्या संथ, आत्मसंतुष्ट रीतीने चाललं होतं त्यावर होता, आणि ती रीत ठरवणं पंतप्रधानाचं काम. शिवाय चर्चिलनाच आणायचं असा कट नव्हता. बंडखोरांपैकी अनेकांना परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स चालले असते. युद्धात घोडे बदलू नयेत म्हणणाऱ्यांना डिसेंबर १९१६ ची आठवण पुरेशी होती. तेव्हाही ऐन युद्धात पंतप्रधानपदावरून अ‍ॅस्क्विथ जाऊन लॉइड जॉर्ज आले होते. आणि चेंबरलेन यांच्या मोठेपणाची नोंद इथे केलीच पाहिजे. ते नव्या मंत्रिमंडळात राहिले, ऑक्टोबरपर्यंत पक्षाचे नेतेही तेच होते, आणि मेअखेरीस हॅलिफॅक्स जर्मनीशी तडजोडीची वाट चाचपत होते तेव्हा ते शेवटी चर्चिल यांच्या बाजूने राहिले. बंडामुळे पक्ष फुटला नाही, कारण बंड करायला कुणालाही पक्ष सोडावा लागला नव्हता.

आपल्याकडे मात्र याच अ‍ॅमरींचा चेहरा वेगळा दिसला. गोरखपूरला जन्मलेला हा माणूस नव्या सरकारात भारतमंत्री झाला. त्याआधी ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही प्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं होतं, आणि त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरात बाळासाहेब खेर यांच्या मुंबईच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. व्हाइसरॉय अ‍ॅमरींना जबाबदार, अ‍ॅमरी पार्लमेंटला. त्या साखळीत भारतीय मतदार कुठेच नव्हता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवरून ‘चले जाव’ सांगण्यात आलं. त्याचं उत्तर पहाटेच्या अटकसत्राने मिळालं. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. जे वाक्य लंडनमध्ये मताच्या बळावर पंतप्रधानाला घालवू शकलं, त्याच्यासाठी इथे तुरुंग होता. अ‍ॅमरींचं हे वागणं त्यांच्या ७ मेच्या भाषणाला कायमचा डाग लावतं, असंच मी मानतो.

स्वतंत्र भारताने ती लॉबी मिळवली आणि १९८५ मध्ये राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, तिची एक वाट बंद केली. पक्षादेश मोडून मत देणाऱ्या किंवा तटस्थ राहणाऱ्या सदस्याला पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर त्याची जागा जाऊ शकते. या कायद्याचं समर्थन मला समजतं. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्याच्या आत अनेकदा पक्ष बदलले आणि ‘आयाराम गयाराम’ रूढ झालं. त्या बाजाराला लगाम हवाच होता. पण विकला जाणारा आणि असहमत होणारा यांना कायद्याने एकाच तराजूत घातलं. दोन-तृतीयांश सदस्य मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर त्यांना संरक्षण आहे; पक्षातच राहून, नेता चुकतोय म्हणून एकट्याने हात वर करणाऱ्याला नाही. अ‍ॅमरी, प्रोफ्युमो, त्यांच्याबरोबर विरुद्ध मत दिलेले मॅकमिलन, सगळे या कायद्याखाली घरी गेले असते. १९९० मध्ये गोस्वामी समितीने सुचवलं होतं की अपात्रता विश्वास-अविश्वासाचे ठराव, अर्थविधेयक आणि अभिभाषणावरचा आभारप्रस्ताव एवढ्यांपुरतीच ठेवावी. ८ मे १९४० चा ठराव नावाला सभागृह तहकूब करण्याचा, पण आशयाने अविश्वासाचा होता. समितीच्या त्या चौकटीतही तो बसला असता आणि बंडखोरांच्या जागा धोक्यात आल्या असत्या. शिफारस मान्य झाली नाही, आणि आज पक्षादेश सभागृहातल्या कोणत्याही मतदानावर काढता येतो.