जाताना किल्ल्या कुणाकडे?

ऑनलाइन गेमचा ग्रुप कसा मरतो हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. मोठं भांडण वगैरे होत नाही. एकाची बारावी येते, दुसऱ्याला नोकरी लागते, तिसऱ्याचं लग्न होतं. क्लॅनच्या यादीत पन्नास नावं असतात आणि रात्री अकराला ऑनलाइन दोघंच. मला कुतूहल आहे ते याच्या उलट गोष्टीचं. माणसं सतत जात असताना काही खेळ वर्षानुवर्षं चालूच कसे राहतात? हा प्रश्न ऑनलाइन खेळांइतकाच जुना आहे, म्हणून सुरुवातीपासून बघू.

१९७८च्या शेवटच्या महिन्यांत इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 'मल्टी-यूझर डंजन', म्हणजे 'मड', लिहायला घेतला. चित्रं नाहीत, आवाज नाही, नुसता मजकूर. 'उत्तर' असं टाइप केलं की पुढच्या जागेचं वर्णन यायचं आणि तिथं दुसरा कुणी असेल तर त्याचं नाव दिसायचं. कॉम्प्युटर विद्यापीठाचा, त्यामुळे बाहेरच्यांना फोनलाइनवरून शिरता यायचं ते मध्यरात्रीनंतर.

विद्यापीठातल्या खेळाची अडचण उघड आहे. तीन-चार वर्षांनी प्रत्येक खेळाडू जाणारच. इथं तर आधी निर्माताच निघाला. १९८० मध्ये शेवटच्या वर्षाच्या परीक्षा समोर असताना ट्रबशॉनं सगळा कोड रिचर्ड बार्टल या धाकट्या सहकाऱ्याकडे सोपवला आणि खेळ पुरा केला तो बार्टलनं. गल्लीतलं गणपती मंडळ पन्नास वर्षं टिकतं तेही जुने कार्यकर्ते अमर असतात म्हणून नाही. कुणीतरी वेळेवर सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात पावतीपुस्तक देतं म्हणून.

खेळाच्या आतही तशीच एक सोय होती. खजिना शोधायचा, दलदलीत नेऊन टाकायचा, गुण मिळवायचे. लढाईत मेलात तर तुमचं पात्रच पुसलं जायचं, कित्येक रात्रींची मेहनत पाण्यात. एवढं करून पुरेसे गुण जमले की तुम्ही 'विझार्ड'. विझार्ड अदृश्य होऊ शकतो, इतरांचा खेळ लपून पाहू शकतो, एका आज्ञेनं कुणालाही ठार करू शकतो. फक्त त्याला जिंकण्यासारखं काही उरत नाही. एरवी माणूस खेळ सोडतो तो नेमका याच टप्प्यावर. मडनं त्याला तिथं काम दिलं: नवख्यांना सांभाळा, भांडणं मिटवा, कुणाला कंटाळा आला तर थोडा गोंधळ घाला. काही विझार्डांनी या सत्तेचा माजही केला, पण तरीही मला ही युक्ती मोलाची वाटते.

स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये लार्स पेन्शो यानं १९८९ मध्ये ही युक्ती पुढे नेली. चांगलं खेळविश्व आपल्याला एकट्याला रचता येणार नाही असं त्याला वाटत होतं, म्हणून त्याच्या 'एलपीमड'मध्ये विझार्ड झालेल्यांना थेट कोड लिहायची मुभा मिळाली. कुणी जंगल लिहिलं, कुणी शहर. लिहिणारा पदवी घेऊन निघून गेला तरी त्याचं जंगल तिथंच राहायचं आणि पुढच्या वर्षीची पोरं त्यात हरवायची. तिथला पहिला खेळ 'जेनेसिस' आजही चालू आहे.

पण किती जण गेले यापेक्षा कोण गेलं हे जास्त महत्त्वाचं. बार्टलनं १९९६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात खेळाडूंचे चार प्रकार आहेत: कमाई करणारे, शोध घेणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यांना छळणारे मारेकरी. लोकांनी त्याची 'तुम्ही कोणत्या प्रकारचे खेळाडू?' अशी चाचणी करून टाकली. खरा ऐवज पुढच्या भागात आहे आणि तो फारसं कुणी वाचत नाही. मारेकरी वाढले की गप्पिष्ट पळतात, गप्पिष्ट कमी झाले की उरलेल्या गप्पिष्टांनाही करमत नाही. शोध घेणारे मात्र मारेकऱ्यांना आवर घालतात, कारण सगळ्या खाचाखोचा त्यांना ठाऊक असतात. एका प्रकारचे लोक गेले की दुसऱ्यांचंही गणित बिघडतं.

नुसत्या किल्ल्या फेकून जाणंही चालत नाही. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यानं १९९० मध्ये 'लॅम्डामू' सुरू केला. डिसेंबर १९९२ मध्ये तिथल्या विझार्डांनी जाहीर केलं की यापुढे ते फक्त तांत्रिक काम बघतील, लोकांचे प्रश्न लोकांनीच सोडवावेत. सोडवायचे कसे, याची व्यवस्था नव्हती. १९९३ मध्ये एकानं सर्वांसमोर इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. सभा भरली, खूप बोलणं झालं, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझार्डनं आपल्याच जबाबदारीवर ते पात्र काढून टाकलं. अर्ज आणि मतदानाची पद्धत आली ती त्यानंतर. १९९६ मध्ये विझार्डांनी पुन्हा लगाम हातात घेतला.

आजच्या बहुतेक खेळांत हा पेच खेळाडूंपर्यंत पोचतच नाही, कारण किल्ल्या कंपनीकडे असतात. 'सिटी ऑफ हीरोज' हा सुपरहिरोंचा खेळ २००४ पासून चालू होता. २०१२ मध्ये एनसीसॉफ्ट या कंपनीनं तो बंद करायचं ठरवलं, तेव्हा खेळाडूंनी खेळातल्याच सिटी हॉलसमोर मशाली घेऊन गर्दी केली. ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाले. इथं लोक खेळाला सोडून गेले नव्हते, खेळच त्यांच्या हातून गेला.

२०१९ मध्ये कळलं की काही चाहते गुपचूप सर्व्हर चालवत होते, तोही वर्षानुवर्षं, आणि फक्त निवडक लोकांसाठी. बाकीचे संतापले. ज्या खेळासाठी ते इतकी वर्षं हळहळत होते, तो त्यांच्याच ओळखीतल्या काहींच्या घरी जिवंत होता. कोड उघड करावा लागला आणि महिन्याभरात सर्वांसाठी खुले सर्व्हर उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टनं त्यातल्या 'होमकमिंग'ला रीतसर परवाना दिला. तिथला कारभार स्वयंसेवक पाहतात, आणि सर्व्हरचा खर्च खेळाडूंच्या देणग्यांतून निघतो.