नागपुरांतील कांहीं आत्मकथनें व त्यांचें साधनमूल्य

साधन म्हटलें कीं मोडी कागद, शिक्के आणि दप्तरांचे रुमाल आमच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. वरसईचे विष्णुभट गोडसे हे साधे भिक्षुक. 1857 च्या धामधुमींत ते उत्तरेस सांपडले व पुढें त्यांनीं आपला प्रवास लिहिला. तो आपण साधनांत घेतोंच. मात्र चिंतामणराव वैद्यांनीं 1907 त काढलेल्या प्रतींत फेरफार होते. हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं 1966 त दिला.

हीच कसोटी नागपूरच्या वस्त्यांतील कथनांस लावावी असें आम्हांस वाटतें. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 1989 त ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केलें. वसंत मून यांची ‘वस्ती’ 1995 ची. कौसल्या बैसंत्री यांचें हिंदी ‘दोहरा अभिशाप’ 1999 चें. बैसंत्रींचे आईबाप एम्प्रेस मिलमध्यें राबत. ही गिरणी 1877 त सुरू झालेली. त्या ज्या मुलींच्या शाळेंत शिकल्या ती जाईबाई चौधरी यांची. जाईबाई एके काळीं हमाली करीत, डोक्यावर ओझीं वाहत. एका मिशनरी बाईंनीं त्यांस शाळेंत नोकरी दिली, तर अस्पृश्य बाई शिकविते म्हणून पालक बिथरले व नोकरी सुटली. मग त्यांनीं स्वतःची शाळा काढली. हें कोणत्या सरकारी रुमालांत सांपडणार?

अर्थात् स्मृति चुकते. 20 जुलै 1942 रोजीं नागपुरांत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालीं दलित महिला परिषद भरली. हजेरी बहुधा 25,000 सांगतात. आंकडा सांगतां सांगतां गोल झाला असेल असें धरूं. परंतु ठराव लेखी आहेत. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, आणि गिरणींतील बायांस रजा! हा शेवटचा ठराव वाचतांना एम्प्रेस मिलच्या कामकरणींचीं कथनें शेजारीं ठेवावींत. एकावांचून दुसऱ्याचा अर्थ पुरता लागत नाहीं.

त्या मंडपांत बसलेल्या मुली हयात असल्यास आज नव्वदीच्या आसपास वा पलीकडे आहेत. तेव्हां ज्यांस शक्य असेल त्यांनीं त्यांचें बोलणें त्यांच्याच वऱ्हाडी-नागपुरी शब्दांत, दुरुस्ती न करितां, सांगितल्याच्या तारखेसह उतरून घ्यावें. आणि परिषदेचे छापील अहवाल, छायाचित्रें वा वह्या कोणाच्या संग्रहीं असल्यास नक्कल अवश्य पाठवावी.