पेट बाटल्यांचा कचरा : रसायने व इंधने

पेट, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट, हे पाण्याच्या व शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्यांचे बहुवारिक. ब्रिटनमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड व डिक्सन यांनी ते तयार केले. बाटलीचे पेटंट अमेरिकेतील नॅथॅनिएल वाईथ यांना १९७३ मध्ये मिळाले.

रासायनिक विघटन : टेरेप्थॅलिक अम्ल व एथिलीन ग्लायकॉल यांची पेटमधील साखळी एस्टर-बंधांनी जोडलेली असल्याने घटकांपर्यंत उलट नेता येते. पाण्याने तोडल्यास मूळ अम्ल, मिथेनॉलने डायमिथिल टेरेप्थॅलेट आणि ग्लायकॉलने बीएचईटी हे एकवारिक मिळते. ग्लायकॉलची क्रिया झिंक ॲसिटेटसारखा उत्प्रेरक घालून सुमारे १८०–२४० अंश सेल्सिअसला करतात. शुद्ध बीएचईटीपासून पुन्हा पेट बनते. कमी शुद्ध मालापासून पॉलिएस्टर रेझिन व पॉलियुरेथेनसाठी लागणारे पॉलिऑल. रंगीत बाटल्या व पीव्हीसीची भेसळ शुद्धीकरण अवघड करतात. पेट पचवणारा आयडिओनेला साकाइएन्सिस हा जीवाणू जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर केला.

इंधन : पेटच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग ऑक्सिजन असतो. त्यामुळे हवेविना तापवल्यास तेल थोडे मिळते आणि बेंझॉइक व टेरेप्थॅलिक अम्ले गोठून नळ्या तुंबवतात. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांपासून मात्र तेल, वायू व मेण चांगले मिळते. बाटलीची झाकणे याच जातीची. चुरा पाण्यात टाकल्यास झाकणे तरंगतात, पेट बुडते.

महाराष्ट्र : नागपूरच्या अलका झाडगावकर यांनी प्लास्टिकपासून इंधन काढण्याची प्रक्रिया विकसित केली. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर व शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र’ संस्थेने जेजुरीला असा प्रकल्प उभारला. पुण्यात बाटल्या गोळा होतात त्या मुख्यतः कचरावेचकांच्या हातांनी. त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली.

म्हैसूर : कर्नाटकातील हे शहर ‘स्वच्छ सर्वेक्षण’ या केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छता क्रमवारीत २०१६ मध्ये देशात पहिले आले. तेथील कुंबारकोप्पल भागात बाटल्यांसह सुका कचरा हाताने वेगळा करतात.

मूल्यमापन : पेट जाळण्यापेक्षा वा त्यातून तेल काढण्यापेक्षा त्याचा धागा किंवा रसायने करणे अधिक लाभाचे. त्यासाठी बाटली घरीच ओल्या कचऱ्यापासून वेगळी ठेवावी व कचरावेचकाला तिचा रास्त भाव मिळावा. या दोन गोष्टींवाचून कोणतीही प्रक्रिया टिकत नाही.