भंडाऱ्याचा भात आणि मालगुजारी तलाव

भंडारा जिल्ह्यातली धानशेती तलावांच्या आधाराने वाढली. इथे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत ओसरतो. धान निसवताना एक पाणी कमी पडले, तरी लोंब्या पोचट राहतात. त्या शेवटच्या पाण्याची तजवीज म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगावी तलाव आणि बोड्या (लहान तळी) बांधल्या गेल्या.

या कामात कोहळी समाजाचा वाटा सर्वांत मोठा. चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन देऊ केली, अशी परंपरा सांगितली जाते. उताराच्या माथ्याला मातीची पाळ घालायची, पाणी मोरीतून सोडायचे आणि ते एका बांधीतून खालच्या बांधीत उतरू द्यायचे, अशी रचना होती. उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकला, की तलावही खोल राही आणि जमीनही कसदार होई. या पाण्यावर कोहळ्यांनी धानाबरोबर ऊसही पिकवला. जमिनीचा उतार नजरेने ओळखणाऱ्या या कारागिरांची गणना उत्तम स्थापत्यकारांतच करायला हवी.

१८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. इंग्रजी बंदोबस्तात गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, त्यामुळे तलावांनाही ‘मालगुजारी’ हे नाव चिकटले. गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. जमीनदारी जाणे न्यायाचेच होते, परंतु पाळीची डागडुजी आणि गाळाचा उपसा यांची जबाबदारी गावाच्या हातून सुटली. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, काठांवर बेशरम ही वनस्पती माजली. १९८८ मध्ये गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली, तेव्हा सिंचनाचा सगळा विचार मोठ्या धरणाकडे वळला होता.

बियाणेही बदलले. ठेंगण्या, जास्त उतारा देणाऱ्या वाणांपुढे चिन्नोर मागे पडला. हा सुवासिक धान उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो आणि उशिरा पिकतो. त्याचा भात मात्र मऊ होतो. तांदळाच्या अशा गुणांवर अख्खा पदार्थ उभा राहू शकतो, हे इटलीत दिसते. तिथल्या पिएमाँत प्रांतातले आर्बोरिओ हे गाव आपल्या नावाच्या तांदळामुळे जगाला माहीत झाले. तो शिजताना पिठूळ अंश सोडतो, म्हणून त्याचा रिसोत्तो हा भाताचा पदार्थ मलईसारखा दाट होतो. त्या भागातली भातशेती १८६६ मध्ये सुरू झालेल्या काव्हूर कालव्याच्या पाण्यावर विस्तारली.

भंडाऱ्याच्या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उशिरा पिकणाऱ्या या धानाला शेवटपर्यंत पाणी लागते. म्हणून त्याचा पेरा वाढायचा, तर तलावांतला गाळ आधी निघायला हवा.