जिम थॉर्पची पदके आणि ‘हौशी’ नावाची गाळणी

खेळाच्या मैदानावर जातही चालत नाही आणि वंशही चालत नाही, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. ज्यांना हे खरे वाटते त्यांनी जिम थॉर्पचे आयुष्य जरूर वाचावे.

थॉर्प हा अमेरिकेतील ‘सॅक अँड फॉक्स’ या आदिवासी समाजाचा. जन्म १८८७ च्या सुमारास, आजच्या ओक्लाहोमा राज्यात. पुढे तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या निवासी शाळेत शिकला. ही शाळा १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने काढली. मुलांमधला ‘इंडियन’ मारायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा, हे त्याचे उघड धोरण होते. तिथे मुलांचे केस कापले जात आणि मातृभाषा बोलायला बंदी असे.

१९११ साली या शाळेच्या संघाने अमेरिकन फुटबॉलमध्ये बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरवले. त्यात थॉर्पचा सिंहाचा वाटा होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक जिंकले. धावणे, उड्या, फेक अशा दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा जवळपास ७०० गुणांनी पुढे होता.

जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली की थॉर्पने १९०९-१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक फक्त ‘हौशी’ खेळाडूंसाठी होते. झाले! दोन्ही पदके काढून घेतली गेली. सुट्टीत कॉलेजची पोरे असे पैसे कमवतच असत, पण त्यातली पुष्कळ खोट्या नावाने खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. शिवाय स्पर्धेच्या नियमाप्रमाणे हरकत ३० दिवसांत घ्यायची होती. इथे तर सहा महिने उलटले होते. म्हणजे थॉर्पवर नियम लावणाऱ्यांनी स्वतःचाच नियम मोडला.

काही जण म्हणतील, नियम तर सगळ्यांना सारखाच होता ना? मग हा नियम जन्मला कुठे ते पाहा. १८६६ मध्ये इंग्लंडच्या अॅमॅच्युअर अॅथलेटिक क्लबने कारागीर आणि मजूर हे ‘हौशी’ ठरू शकत नाहीत असेच लिहून ठेवले होते. ज्याला पोटासाठी हात चालवावे लागत नाहीत तो हौशी, हा त्याचा सरळ अर्थ. पुढे शब्द बदलले, पण गाळणी तीच राहिली. घरी इस्टेट असलेल्याला पैसे न घेता खेळणे परवडते. ज्याच्या समाजाच्या जमिनी गेल्या, त्याने काय करायचे?

थॉर्प खचून बसला नाही. १९१३ मध्येच तो न्यूयॉर्क जायंट्सकडून व्यावसायिक बेसबॉल खेळू लागला. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले होते. १९२० मध्ये थॉर्प व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. तीच संघटना आज एनएफएल म्हणून ओळखली जाते. १९५० मध्ये क्रीडा पत्रकारांनी त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडले. तरीही उतारवयात त्याला मजुरी करावी लागली, आणि १९५३ मध्ये तो हलाखीतच गेला.

१९१२ च्या त्याच पेंटॅथलॉनमध्ये सहावा आलेला अॅव्हरी ब्रंडेज १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता. त्याने पदके परत देण्यास नकार दिला. १९८२ मध्ये समितीने थॉर्पला ‘सहविजेता’ मानले. एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळायला २०२२ उजाडले. तोवर त्याच्या मृत्यूला ६९ वर्षे झाली होती.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी ‘नियम सगळ्यांना सारखाच’ असे म्हणाले, तर आपण शांतपणे विचारायचे: तो नियम कोणी केला, करताना कोणाला विचारले नाही, आणि तोच नियम मोडणाऱ्या इतरांचे काय झाले?