न विचारता मिळणारी उत्तरे

गर्भलिंगनिदान करून घेतले काय, असा प्रश्न घरोघरी जाऊन विचारल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता अत्यल्प. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्र सरकारने १९९४ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. त्यामुळे लोकलज्जेला कायद्याच्या भयाचीही जोड मिळाली. मात्र जे घरात बोलले जात नाही, ते जनगणनेत उमटते. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ही संख्या ९१३, तर २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती अवघी ८०७ होती.

उपलब्ध नोंदींवरून समाजाचा असा वेध घेणे ही सामाजिक संशोधनाची प्रस्थापित पद्धत आहे. प्रश्नावली समोर आली की माणूस आपली प्रतिमा सांभाळून उत्तर देतो. शासकीय आकडेवारी, जुनी वृत्तपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे किंवा वापराच्या खुणा यांवर मात्र संशोधकाच्या उपस्थितीचा परिणाम होत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांचा आत्महत्येवरील १८९७ चा ग्रंथ प्रामुख्याने सरकारी नोंदींवरच उभा आहे. अमेरिकेत यूजीन वेब व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या पद्धतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात शिकागोच्या एका संग्रहालयाचे उदाहरण आहे. अंड्यातून पिल्ले बाहेर येताना दाखविणाऱ्या दालनापुढील फरशी सुमारे दर सहा आठवड्यांनी बदलावी लागे. अन्यत्र ती वर्षानुवर्षे टिकत असे. प्रेक्षकांची आवड त्यांना न विचारताच कळली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. नोंदी प्रशासनाच्या गरजेपोटी होतात, संशोधकाच्या प्रश्नासाठी नव्हे. आत्महत्येची नोंद अनेकदा दडपली जाते, हा आक्षेप दुरखीम यांच्या आकडेवारीवरही घेतला गेला. जनगणनेतही काही मुली मोजल्या जाण्यावाचून राहू शकतात. मुलींची संख्या गर्भातच घटली की जन्मानंतरच्या हेळसांडीमुळे, हे एकट्या गुणोत्तरावरून ठरत नाही. त्यासाठी जन्म व बालमृत्यूंच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. शिवाय जिल्ह्याच्या आकड्यावरून कोणत्याही एका कुटुंबाला दोषी ठरविता येत नाही.

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर माणसे देत नाहीत, त्याबाबत मोजणीतील असा खंड अधिक गंभीर ठरतो. नोंदच नसेल, तर न जन्मलेल्या मुलींचा हिशेब मागायचा तरी कोणत्या आधारावर?