फळीवरील बाहुल्या

आजीच्या फळीवरील चिनी मातीच्या बाहुल्यांना रसिक नाक मुरडतात. पण छायाचित्रकलेच्या आरंभीच्या काळात अशाच वस्तू टिपल्या गेल्या. १८३७ मध्ये पॅरिसच्या दागेरने प्लास्टरचे पुतळे व वेताने मढविलेली बाटली मांडून चित्र टिपले. तेव्हा प्रकाशास मिनिटे लागत. माणसे हलत, वस्तू निमूट बसत!

इंग्लंडमधील टॅल्बटच्या १८४४ पासून भागशः निघालेल्या ग्रंथात कपबशा, किटल्या, बाहुल्या यांनी भरलेल्या चार फळ्यांचे चित्र आहे. वस्तू कितीही असल्या तरी कॅमेरा साऱ्या एकदमच टिपतो, असे तो सांगतो. शिवाय ऐवज चोरीस गेल्यास हे चित्र चोराविरुद्ध मुकी साक्ष देईल, हेही सुचवितो. आठवणींपेक्षा चोराची धास्ती आधी! न्यायाधीश अशी साक्ष मानतील काय, हे मात्र त्याने कायद्याची जाण असणाऱ्यांवर सोपविले.